गाडीचं पॉलिश बोलिंगच्या बॉलला लावलं तर चालतं का?

शेवटची फ्रेम

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण नीट सांगितल्याशिवाय उत्तरही नीट मिळणार नाही.

माझा बॉल १५ पौंडी, रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचा. घेतला तेव्हा गडद निळ्यात चंदेरी लाटा होत्या आणि त्यात डोक्यावरचा दिवा दिसायचा. त्यानंतर ९०-९५ गेम झाले. खेळून झालं की फडक्याने पुसते, एवढीच काय ती निगा. आता बोटांच्या भोकांपासून थोडं दूर करड्या रेघांचा पट्टा पडलाय. एके ठिकाणी नखाएवढा चराही आहे. बाकीचा भाग ना धड चमकत, ना धड खरखरीत. खेळातही फरक जाणवतो. पूर्वी शेवटच्या पंधरा-वीस फुटांत तो ज्या ओढीने पिनांकडे वळायचा, ती ओढ राहिलेली नाही. पॉकेटमध्ये, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या पिनेमधल्या जागेत, शिरतो, पण दमल्यासारखा, आणि उजव्या कोपऱ्यातली दहा नंबरची पिन जागची हलत नाही.

घरात गाडीचं रबिंग कंपाऊंड आहे, लिक्विड वॅक्सची बाटली आहे, फर्निचरवर मारायचा स्प्रे आहे आणि धातू चमकवायचं पॉलिश आहे. एका मैत्रिणीने तिच्या प्लॅस्टिकच्या बॉलला गाडीचं वॅक्स लावलं, तो अजून आरशासारखा आहे. मीही तेच करू का? की बोलिंगचंच पॉलिश घ्यायला हवं? आणि आधी सँडपेपर मारायचा की थेट पॉलिश? माझ्याकडे बॉल फिरवायचं मशीन नाही.

सरळ रेघ

मी स्पेअरसाठी, म्हणजे पहिल्या बॉलनंतर उरलेल्या पिना पाडायला, प्लॅस्टिकचा बॉल वापरतो. वर्षानुवर्षं गाडीचंच वॅक्स लावतोय, काही झालेलं नाही. बॉल सरळ जातो, मला तेवढंच हवं असतं. बिनधास्त लावा.

दहावी पिन

शेवटची फ्रेम, वॅक्सची बाटली आधी कपाटात परत ठेवा, मग पुढचं वाचा.

सरळ रेघ यांचं त्यांच्या बॉलपुरतं बरोबर आहे. प्लॅस्टिकचा, म्हणजे पॉलिएस्टरचा बॉल लेनवर घातलेलं ऑइल पीत नाही आणि त्याच्याकडून आपल्याला वळण नको असतं. तो जितका घसरेल तितका चांगला. त्याला गाडीचं वॅक्स लावलं काय आणि न लावलं काय, कोपऱ्यातली पिन पडल्याशी मतलब. पण रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन ही वेगळी जात आहे. त्या पृष्ठभागाला सूक्ष्म छिद्रं असतात, तो लेनवरचं ऑइल आत ओढतो, आणि सुक्या भागावर जी पकड घेतो ती त्या उघड्या पृष्ठभागाच्या जोरावर. त्यावर मेणाचा थर दिला की ज्यासाठी बॉल घेतला तेच आपण बंद करून टाकतो.

मी बरीच वर्षं बॉलना भोकं पाडायच्या आणि पृष्ठभाग काढायच्या कामात घालवली. त्यामुळे हे ऐकीव नाही, आणि पहिला धडा माझ्याच बॉलवर शिकलो. माझा पहिला रिअ‍ॅक्टिव्ह बॉल लाल होता. लीगच्या शेवटच्या फेरीच्या आदल्या रात्री तो मळकट दिसला म्हणून गाडीचं 'क्लीनर वॅक्स' ड्रिलला फोमची चकती लावून त्यावर चढवलं. अर्ध्या तासात काचेसारखा झाला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गेमला तो सरळ गेला तो गेलाच. लेनच्या नेहमीच्या फळीवर टाकला, आणखी उजवीकडे सरकून टाकला, तरी वळेना. दुसऱ्या गेमच्या शेवटी थोडा वळायला लागला. तिसऱ्या गेमला मी त्याच जागेवरून, त्याच वेगाने टाकला आणि तो हेडपिनच्या, म्हणजे सगळ्यांत पुढच्या पिनेच्या, तोंडावर आदळून ४-६-७-१० असा फाटका स्प्लिट, म्हणजे दोन्ही बाजूंना दूर दूर उरलेल्या पिना, ठेवून गेला. पुढच्याच फ्रेमला पुन्हा सरळ. खेळणारा तोच, हात तोच, बॉल मात्र दर खेपेला दुसराच असल्यासारखा.

घरी येऊन दिव्याखाली धरला तेव्हा कळलं. चकचकीत लालवर फिकट पट्टे उठले होते, दोन ठिकाणी एकमेकांना छेदणारे, मधे पसरलेले. बॉल फिरता फिरता लेनला जिथे जिथे टेकतो तिथलं मेण घासून गेलं होतं. बोटाने पाण्याचा एक थेंब चमकत्या भागावर सोडला, तो मण्यासारखा गोळा होऊन बसला. दुसरा पट्ट्यावर सोडला, तो पसरून सपाट झाला. एकाच बॉलवर चार बोटांच्या अंतरात दोन वेगळे पृष्ठभाग. कधी बॉल मेणावर टेकत होता, कधी रेझिनवर. मग वळण कुठून नेमकं येणार?

ही थेंबाची खूण लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता चमक म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच होतो. आपल्याला वाटतं पॉलिश हा वरून द्यायचा थर आहे. बोलिंगच्या बॉलच्या बाबतीत खरं काम चऱ्यांचं असतं. पृष्ठभागावर बारीक बारीक चरे असतात, डोळ्याला न दिसणारे. पी ५०० च्या पेपरचा कण साधारण ३० मायक्रॉनचा, पी १००० चा १८ च्या आसपास, पी २००० चा १० च्या आसपास. खोल चरे ऑइलमधून वाट काढून लेनला धरतात, म्हणून ५०० नंबरचा बॉल लवकर पकड घेतो आणि लवकर वळायला लागतो. चरे बारीक झाले की तो ऑइलवर जास्त वेळ घसरतो, जोर राखून ठेवतो आणि शेवटी सुक्या भागात एकदम वळतो. बॉल जिथून सोडतो त्या फाऊल लाइनपासून हेडपिनपर्यंत ६० फूट, त्यातले सुरुवातीचे चाळीसएक फूट सहसा ऑइल असतं. तुमच्या बॉलची 'ओढ' म्हणजे उरलेल्या वीस फुटांतला हा हिशोब.

पॉलिश या चऱ्यांच्या धारा बोथट करतं. पण खाली कुठल्या नंबरचे चरे आहेत यावर बॉलचा स्वभाव ठरतो. ५०० मारून वर पॉलिश केलेला बॉल आणि २००० मारून वर पॉलिश केलेला बॉल, दोन्ही लांबून सारखेच चमकतात. लेनवर पहिला जास्त वळतो. त्यामुळे 'आधी पेपर की थेट पॉलिश' याचं उत्तर आधी पेपर, आणि तो कुठल्या नंबरचा हे ठरवूनच. मळलेल्या, झिजलेल्या पृष्ठभागावर थेट पॉलिश मारलं तर झिजलेला पृष्ठभागच चमकेल.

तुमच्या घरातल्या चार वस्तूंबद्दल.

रबिंग कंपाऊंड: यात अ‍ॅल्युमिनासारखे बारीक कण असतात आणि ते वंगणात कालवलेले असतात. गाडीच्या रंगावरचे चरे जसे ते काढतं, तसेच रेझिनवरचेही काढतं. त्यात मेण किंवा सिलिकॉन नसेल तर ते बॉलला चालतं, अगदी चांगलं चालतं. बोलिंगचं म्हणून मिळणारं बरंचसं पॉलिश याच कुळातलं असतं. चांगल्या कंपाऊंडमधले कण घासता घासता फुटून आणखी बारीक होतात, म्हणून जितकं जास्त चोळाल तितकी चमक वाढते. ते अर्धवट चोळून पुसून टाकू नका.

लिक्विड वॅक्स: नको. वर सांगितलंच.

फर्निचरचा स्प्रे: हा वॅक्सपेक्षा वाईट. यात सहसा सिलिकॉनचं तेल असतं. मेण निदान घासून जातं, सिलिकॉन छिद्रांत शिरून चिकटून राहतं. अल्कोहोलने पुसलं तरी हटत नाही. नंतर पेपर मारायला गेलात तर तो एके ठिकाणी धरतो आणि एके ठिकाणी नुसता सरकतो. गाड्या रंगवणारे सिलिकॉनला इतके घाबरतात ते उगाच नाही. त्याचा अंश जरी राहिला तरी ताज्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

धातूचं पॉलिश: कण चांगले असतात, पण सोबत अमोनिया आणि रॉकेलच्या जातीचं द्रावण असतं. रेझिनवर कुठलंही द्रावण मुरवणं मला पसंत नाही. पितळ आत काही पीत नाही, तुमचा बॉल पितो.

आणि एक. तुमच्या बॉलची ओढ गेली ती नुसती चमक गेल्यामुळे नाही. ९०-९५ गेमचं ऑइल आत मुरलंय. ते काढल्याशिवाय पेपरही मारू नका आणि पॉलिशही नको. त्याबद्दल वेगळं लिहितो, आत्ता एक काम हातात आहे.

फाऊल लाइन

दहावी पिन यांनी द्रावणांचा विषय काढला म्हणून थोडी भर घालते. मी स्पर्धांच्या वेळी बॉल तपासायला मदत करते, त्यामुळे हा भाग माझ्या जवळचा आहे.

घरातला थिनर, अ‍ॅसिटोन, नखांचं पॉलिश काढायचं द्रावण यांना हातही लावू नका. पृष्ठभाग मऊ पडतो. याला मोठा इतिहास आहे. १९७३ साली अमेरिकेतल्या व्यावसायिक दौऱ्यावर डॉन मॅक्यून या खेळाडूने पॉलिएस्टरचे बॉल मिथाइल इथाइल कीटोन या द्रावणात भिजवून मऊ केले. मऊ बॉलने लेन अशी काही धरली की त्या वर्षी त्याने ६ किताब जिंकले. तेव्हा ते नियमात बसत होतं. पण त्यानंतर बॉलच्या कडकपणावर मर्यादा आली आणि ड्युरोमीटर डी मापावर ७२ हा आकडा तिथूनच रुळला. त्या मापाखाली गेलेला बॉल खेळता येत नाही. लाड करता करता बॉल बाद व्हायचा.

दुसरं म्हणजे वेळ. युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस या अमेरिकेतल्या संघटनेच्या नियमांनी खेळत असाल तर प्रमाणित स्पर्धा चालू असताना पेपर किंवा कंपाऊंडने पृष्ठभाग बदलता येत नाही. १ ऑगस्ट २०१९ पासून तर स्पर्धा चालू असताना बॉलला कुठलंही द्रव लावायचं नाही, फक्त कोरडं फडकं. म्हणजे जे काय करायचं ते आधी घरी करा. आणि पेपर मारलात तर सगळ्या बॉलवर सारखा मारा. नुसत्या पट्ट्यापुरता मारलेला चालत नाही.

शेवटची फ्रेम

सगळ्यांचे मनापासून आभार. दहावी पिन दादा, वॅक्स आणि स्प्रे दोन्ही बाजूला ठेवले.

तीन गोष्टी विचारते. एक, माझ्या कंपाऊंडच्या बाटलीवर घटक नीट लिहिलेले नाहीत, मग त्यात मेण आहे की नाही हे कसं ओळखायचं? दोन, ऑइल काढायचं कसं? मी कुठेतरी ओव्हनचं वाचलं होतं. तीन, मशीन नसताना हाताने पेपर सारखा कसा मारायचा? टूथपेस्ट आणि तो पांढरा मेलामाइनचा स्पंज, असंही कुणी कुणी सुचवतं.

दहावी पिन

ओव्हन नाही. डिशवॉशर नाही. उकळतं पाणी नाही. हे तिन्ही करून तडा गेलेले बॉल मी हातात धरलेत. बाहेरचं कवच तापून फुगतं, आतला गाभा तितका फुगत नाही, आणि मग भोकाच्या कडेपासून केसासारखी रेघ निघते. एकदा निघाली की ती थांबत नाही.

ऑइलसाठी बादली घ्या. भोकांवर पाणी न शिरेल अशी टेप घट्ट लावा, नाहीतर भोकांत चिकटवलेल्या ग्रिपचा गोंद सुटतो. हात बुडवल्यावर चटका बसेल पण भाजणार नाही इतपत गरम पाणी, साधारण ५० अंश, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. तुमचा १५ पौंडी बॉल पाण्यात बुडेल, तेव्हा तो बादलीत हळूच सोडा, तळाशी फडकं अंथरा. साधारण १२ पौंडांच्या खालचे बॉल तरंगतात, ते मधेमधे फिरवावे लागतात. वीस मिनिटांनी पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसेल. बॉल काढा, लगेच पुसा, फडकं पिवळट होईल. पाणी बदलून पुन्हा. तवंग यायचा थांबेपर्यंत हेच, सहसा दोन-तीन खेपा पुरतात. मग टेप काढून बॉल एक दिवस तसाच ठेवा.

कंपाऊंडची ओळख. बाटलीवर 'शील्ड', 'प्रोटेक्शन', 'सीलंट', 'कारनौबा', 'खोल चमक' असले शब्द असतील तर आत मेण, सिलिकॉन किंवा पॉलिमर आहे असं समजून चाला. 'सिलिकॉन नाही' किंवा 'रंगकामाच्या शॉपमध्ये सुरक्षित' असं लिहिलं असेल तर उत्तम, कारण वर सांगितलेल्या माशाच्या डोळ्यांच्या भीतीने ते तसं बनवलेलं असतं. काहीच लिहिलं नसेल तर दोन खुणा. पांढऱ्या फडक्यावर थेंबभर घेऊन बॉलवर एका ठिकाणी जोरात चोळा. फडक्याला बॉलचा रंग लागला तर कण काम करतायत, खरोखर पृष्ठभाग निघतोय. नुसतंच गुळगुळीत लागलं आणि फडकं पांढरंच राहिलं तर तो थर देणारा माल आहे. मग ती जागा कोरडी पुसून पाण्याचा थेंब सोडा. मणी होऊन बसला आणि शेजारच्या न लावलेल्या जागेवर पसरला, तर मेण आहे. ही चाचणी ऑइल काढल्यावर आणि पेपर मारल्यावर करा, आधी केलीत तर मुरलेलं ऑइलच थेंब गोळा करेल आणि तुमची फसगत होईल.

टूथपेस्टमध्ये कण असतात हे खरं. पण बॉलचा पृष्ठभाग भरतो जवळजवळ दीड हजार चौरस सेंटिमीटर. दाताला पुरतं ते इथे पुरत नाही. तुम्ही दमाल आणि चमक ठिपक्या-ठिपक्यांची येईल. मेलामाइनचा स्पंज मात्र मी ठेवतो, बॉल परत आणणाऱ्या रबराच्या पट्ट्याचे काळे डाग काढायला. तेवढंच त्याचं काम.

आता हाताने पेपर. मशीनवर मी एका नंबरचे सहा बाजूंनी हात मारतो, दर बाजूला वीस-तीस सेकंद, आणि प्रत्येक वेळी बॉल वळवून ठेवतो, म्हणजे चरे एकमेकांना छेदतात आणि एकाच दिशेचे राहत नाहीत. हाताने करतानाही तेच तत्त्व. जुन्या टॉवेलची चुंबळ करून त्यावर बॉल ठेवा. पेपर शक्यतो फोमची पाठ असलेल्या गोल चकत्यांचा घ्या, अ‍ॅब्रालॉन किंवा सियाएअर या नावांनी मिळतात. त्या गोलाईवर बसतात. साधा वॉटर पेपर वापरायचा तर मऊ स्पंजला गुंडाळा, नुसत्या बोटांनी दाबू नका, बोटांच्या खुणा बॉलवर उमटतात आणि तिरप्या उजेडात चार बोटं स्पष्ट दिसतात. एक लक्षात असू द्या, साध्या पेपरचा हजार नंबर फोमच्या हजारापेक्षा खोल कापतो. आणि कोरी चकती आणि दहा बॉल झालेली चकती या दोन वेगळ्या चकत्या समजा.

सतत पाणी मारत राहा. आधी ५००. पहिला हात फिरला की पृष्ठभाग पेन्सिल धरायला लागतो. मग पुढच्या प्रत्येक नंबराआधी सगळ्या बॉलवर पेन्सिलीने आडव्या-उभ्या हलक्या रेघा मारा. रेघा सगळीकडून गेल्या की तो नंबर झाला. कुठे राहिल्या म्हणजे तिथे तुमचा हात गेलेला नाही. गाड्यांचं रंगकाम करणाऱ्यांची ही युक्ती आहे आणि मशीनशिवाय काम करणाऱ्याला याहून चांगला सोबती नाही.

दोन नंबरांच्या मधे बॉल धुवा, हात धुवा, पाणी बदला. ५०० चा एक कण जरी अडकून राहिला तर तो २००० च्या वेळी लांबलचक ओरखडा काढतो आणि मग पुन्हा मागे जावं लागतं.

तुमचा बॉल मुळात चमकता होता आणि तुम्हाला शेवटची ओढ हवी आहे, तर ५००, मग १०००, मग कंपाऊंड. २००० वर जायची घाई करू नका. खाली १००० चे चरे ठेवून वर चमक आणलीत तर ऑइलवर घसरेलही आणि सुक्यात धरेलही. कंपाऊंड नाण्याएवढं घ्यायचं, अर्ध्या बॉलवर पसरायचं, वाळायच्या आत तीन-चार मिनिटं गोल गोल चोळायचं, मग मायक्रोफायबरने पुसायचं. मग दुसरा अर्धा. ड्रिलला चकती लावणार असाल तर हळू फिरवा आणि तळहाताने पाहत राहा, बॉल कोमट लागला की थांबा.

सरळ रेघ

हे वाचून माझ्या बॉलवर पाण्याचा थेंब सोडून पाहिला. मणी झाला. माझ्या प्लॅस्टिकला चालतंय, पण रिअ‍ॅक्टिव्ह घेतलेल्यांना मी आजवर हेच सांगत आलो होतो, ते आता बंद. शेवटची फ्रेम, माझा पहिला सल्ला विसरा.

शेवटची फ्रेम

दोन आठवड्यांनी परत येतेय, काम झालं म्हणून सविस्तर लिहिते.

आधी बादली. पहिल्या खेपेला तवंग आलाच, पण जास्त धक्का बसला तो पुसताना. फडकं पिवळं झालंच, शिवाय त्याला लेनच्या ऑइलचा तो ओळखीचा वास येत होता. हे सगळं मी हातात घेऊन खेळत होते. तीन खेपा लागल्या. एक दिवस ठेवल्यावर बॉल हाताला कोरडा आणि हलकासा चरचरीत लागला, जसा कित्येक महिन्यांत लागला नव्हता.

५०० मारताना पाणी निळसर राखाडी झालं. करडा पट्टा सहज गेला. पेन्सिलीच्या रेघांनी माझी चूक दाखवली. अंगठ्याच्या भोकाच्या खालच्या बाजूला मी दर वेळी कमी जोर देत होते आणि तिथल्या रेघा तशाच राहत होत्या. त्या नसत्या तर मला कळलंच नसतं. १००० ला पुन्हा तसंच केलं. सगळं मिळून अडीच तास, दुसऱ्या दिवशी खांदे दुखले.

मग कंपाऊंडची चाचणी. माझ्याकडच्या बाटलीने फडकं निळं केलं खरं, पण थेंब मणी झाला. म्हणजे कणही होते आणि मेणही. तेवढी जागा १००० ने पुन्हा काढली आणि सिलिकॉन नाही असं स्पष्ट लिहिलेलं कंपाऊंड मागवलं. त्याने फडकं निळं झालं आणि थेंब पसरला. चमक नव्या बॉलइतकी आली नाही. दिवा दिसतो, पण कडा धूसर.

काल चार गेम खेळले. पहिल्याच बॉलला इतका वळला की हेडपिनच्या डावीकडून गेला. पाय तीन फळ्या डावीकडे सरकवले आणि मग बसला. चौथ्या गेमलाही तिथूनच, तसाच वळत होता. दहा नंबरची पिन चार गेममध्ये दोनदाच राहिली.

एकच राहिलं. नखाएवढा तो चरा पूर्ण गेलेला नाही, नख फिरवलं तर अजून अडतं. ३६० किंवा त्याहून खरखरीत पेपर घेऊन तो पूर्ण काढू का?

दहावी पिन

वाचून फार बरं वाटलं. बाटलीत कण आणि मेण दोन्ही निघाले हे तुम्ही दोन्ही चाचण्या केल्यात म्हणून कळलं. गाड्यांसाठीचा असा मिश्र माल खूप असतो आणि नुसतं फडकं निळं झालं म्हणून लोक तिथेच थांबतात.

चरा तसाच राहू द्या. तो पूर्ण काढायचा तर त्याच्या खोलीइतका सगळा बॉल उतरवावा लागेल, एकाच जागी घासलात तर तिथे खळगा पडेल. बॉलचा व्यास ८.५ इंचांच्या खाली जाऊन चालत नाही, कवचही अमर्याद नसतं. तुमच्या ट्रॅकवर, म्हणजे बॉल लेनला टेकतो त्या पट्ट्यावर, तो नाही असं मी धरून चालतोय. ट्रॅकवर आला असता तर भरून घ्या म्हणालो असतो. त्याच्या कडा मात्र २००० च्या चकतीने हाताने जरा मोडून घ्या, म्हणजे तिथून चीर पुढे सरकणार नाही.

आणि गेम मोजायला लागा. बॅगेत एक चिठ्ठी ठेवा, दर वेळी आकडा लिहा. प्रत्येक वेळी खेळून झाल्यावर बॉल कोमट असतानाच पुसा, तेव्हा ऑइल वर आलेलं असतं. साठच्या आसपास पोचलात की बादली काढा.